एकेचाळीस भाषणं

पडताळ्यानं पहिला मंत्री घरी बसवला, त्या दुपारी नागपुरात वचनसंगती मंडळाच्या कचेरीबाहेर लोकांनी पेढे वाटले. डॉ. नलिनी उरकुडे दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ते पाहत होती. एका म्हाताऱ्या बाईनं वर बघून हात जोडले, तेव्हा ती ओशाळून आत सरकली; पण घरी पोचेपर्यंत तिचा चेहरा फुललेला होता. यंत्र तिचं होतं.

त्या मंत्र्यानं एका सभेत, तालुक्याचं रुग्णालय हलवू देणार नाही म्हणून शपथ घेतली होती. तीन आठवड्यांनी विधानसभेत त्यानं आपण असं कधी बोललोच नाही म्हणून सांगितलं. असली माणसं पूर्वीही होती. लोक चार दिवस हसायचे आणि विसरून जायचे. आता मात्र सभागृहातल्या पडद्यावर अर्ध्या मिनिटात दोन्ही विधानं शेजारी शेजारी उमटली. तारीख, जागा, आवाज, चेहरा, सगळं. वचनसंगती कायद्यानं तीन विसंगत विधानांचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर सहा वर्षं निवडणूक बंद होती. त्या मंत्र्याची अकरा निघाली.

यंत्रामागची कल्पना समजायला फार अवघड नव्हती. संगणकाला वाक्याचा अर्थ शिकवायचा म्हणजे त्या वाक्याला एका अवाढव्य नकाशावर जागा नेमून द्यायची. आपल्या नकाशाला लांबी आणि रुंदी असते. या नकाशाला अशा काही हजार मिती असतात. 'कांदा महागला' आणि 'कांद्याचे भाव चढले' यांत शब्द वेगळे, पण नकाशावर ती शेजारी बसतात. इथवर जगात सगळ्यांनाच जमलं होतं. घोडं अडत होतं ते नकारापाशी. 'कांदा महागला' आणि 'कांदा महागला नाही' हीसुद्धा जवळजवळच बसायची, कारण विषय एकच. त्यातून मराठी माणूस नकार देताना 'नाही' म्हणेलच असं नाही. 'मी कशाला असं बोलेन?' 'तो थोडाच येणार आहे.' 'आम्ही काय वेडे आहोत?' यांतल्या एकाही वाक्यात 'नाही' नाही, आणि तिन्ही वाक्यं नाहीच म्हणतात.

नलिनीनं असल्या वाक्यांवर नऊ वर्षं घालवली. गावोगावच्या बाजारांत, कोर्टांत, लग्नाच्या बोलण्यांत ध्वनिमुद्रणं केली. शेवटी तिला त्या हजारो मितींच्या नकाशात एक दिशा सापडली. कुठलंही विधान घ्या, त्या दिशेनं सरका, की त्याचा नकार हाती लागतो, मग तो कुठल्या का शब्दांत असेना. तिनं त्या दिशेचा उपयोग करून विधानं तोलणारं यंत्र बांधलं. कोण, काय, कुठे, केव्हापर्यंत, कोणत्या अटीवर, अशी प्रत्येक विधानाची फोड करून ते जुन्या सगळ्या विधानांशी पडताळून पाहायचं. म्हणून नाव पडताळा.

दोन विधानं एकमेकांशी जुळत नाहीत एवढं यंत्राला कळायचं. का जुळत नाहीत, ते कळायचं नाही. ते काम पाच परीक्षकांकडे होतं आणि नलिनी त्यांच्यातली एक. मत बदलणं हा काही गुन्हा नव्हे, हे कायदा करणाऱ्यांनाही मान्य होतं. म्हणून खुलाशाच्या अर्जात सातवं कलम होतं: ज्या माहितीमुळे आपलं मत बदललं, ती पूर्वीच्या विधानांच्या वेळी आपणांस उपलब्ध होती काय? 'नव्हती' असं उत्तर असेल तर विसंगती माफ. 'होती' असेल तर नाही. हे कलम नलिनीनंच लिहिलेलं होतं आणि त्यात पळवाट नाही याचा तिला अभिमान होता.

पहिल्या वर्षी सतरा जण घरी गेले. दुसऱ्या वर्षी सहा. तिसऱ्या वर्षी एकच, आणि ती म्हणजे सुमन गेडाम. या आमदारबाईंनी जिल्ह्यातल्या दारूबंदीसाठी मोर्चे काढले होते आणि मग विषारी दारूनं माणसं मेल्यावर, बंदी उठवा असं म्हटलं होतं. विषारी दारूनं मरणारी माणसं बंदीच्या पहिल्या वर्षापासून होती, हे कागदोपत्री सिद्ध झालं. निकाल नलिनीनं लिहिला. 'जे पाहता आलं असतं ते न पाहणं, ही सबब होऊ शकत नाही,' हे त्यातलं वाक्य वर्तमानपत्रांनी चौकटीत छापलं.

घरी जाणाऱ्यांची संख्या घटली ती पुढारी सुधारले म्हणून नव्हे. त्यांनी विधानं करणंच सोडून दिलं होतं. पडताळ्यासारखी यंत्रं बाळगणाऱ्या सल्लागार कंपन्या निघाल्या. भाषण आधी तिथं जायचं, त्यातलं पकडण्याजोगं सगळं काढून टाकलं जायचं आणि मग ते व्यासपीठावर यायचं. नलिनीचे तीन विद्यार्थी अशा कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर होते. ऊर्जामंत्री मकरंद रणनवरे एकदा सलग चाळीस मिनिटं बोलले. सर्व बाबींचा साकल्यानं विचार सुरू आहे, शासन संवेदनशील आहे, योग्य वेळी योग्य तो निर्णय होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडताळ्यानं नोंद केली: पडताळण्याजोगं विधान आढळलं नाही. संगती शंभर टक्के.

ही भाषा हळूहळू खाली झिरपली. तहसीलदार तसं बोलू लागले, मग मुख्याध्यापक, मग हौसिंग सोसायटीचे चेअरमन. पुण्यात शिकणाऱ्या लेकीला नलिनीनं दिवाळीला येतेस का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली की येण्याबाबत ती सकारात्मक आहे. नलिनीनं फोन ठेवला.

चौथ्या वर्षी, ऑगस्टमधल्या एका सकाळी, तिच्या टेबलावर आबाजी पिंपळशेंड्यांची फाइल आली.

वर्धा नदीकाठच्या शिवणटोक गावच्या शाळेत पिंपळशेंडे गुरुजींनी तिला पाचवी ते सातवी व्याकरण शिकवलं होतं. 'नाही' शिवाय नकार कसा देता येतो, हे पहिल्यांदा त्यांनीच फळ्यावर लिहून दाखवलं होतं. नोकरी संपल्यावर लोकांनी त्यांना आग्रहानं उभं केलं आणि ते दोनदा आमदार झाले. शिवणटोकला औष्णिक वीजकेंद्र होतं. त्याचे तीन संच चालू होते आणि चौथा यायचा होता. गुरुजी आधी मुख्याध्यापक म्हणून आणि मग आमदार म्हणून या केंद्राच्या बाजूनं हिरिरीनं बोलत आले होते. जुलैच्या अधिवेशनात मात्र ते उभे राहिले आणि म्हणाले, की चौथा संच होता कामा नये, तिसराही व्हायला नको होता, आणि आपण आजवर जे बोललो ते चूक होतं.

पडताळ्यानं तिथल्या तिथे त्यांची जुनी भाषणं काढली. एकेचाळीस निघाली. लबाड माणूस थोडं थोडं सरकतो, म्हणून त्याच्या विसंगती तीन, पाच, फार तर अकरा असतात. गुरुजी एका दिवसात संपूर्ण उलटे फिरले होते, म्हणून त्यांच्या नावावर राज्यातला उच्चांक लागला. तक्रार कोणी केली ते फाइलवर नव्हतं. पण चौथ्या संचाची छाननी करणाऱ्या विधानसभेच्या समितीत विरोधाची पाच मतं होती, बाजूची चार, आणि पाचवं मत गुरुजींचं होतं.

खुलाशाच्या अर्जाची मुदत आठ दिवसांची होती. सहाव्या दिवशी नलिनी शिवणटोकला गेली. परीक्षकानं असं जाणं नियमाला धरून नव्हतं.

दुपारचे बारा वाजले होते. गुरुजी ओसरीवर बसले होते आणि त्यांच्यापुढं शाळेची जुनी हजेरीपुस्तकं रचलेली होती. काकूंनी चहा आणला. कप आधी पदरानं पुसला, मग त्यात चहा ओतला. नलिनीनं ओसरीच्या कठड्यावर हात ठेवला तर तळव्याला राख लागली.

गुरुजींनी सगळं शांतपणे सांगितलं. फेब्रुवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते पाहुणे म्हणून गेले होते. पोरं प्रार्थना म्हणायला उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्याला अर्धी पोरं खोकायला लागली. बाईंनी सवयीनं पेटी थांबवली, खोकला ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्या सुरापासून सुरू केलं. कोणालाच त्यात काही वाटलं नाही. गुरुजींना वाटलं. त्यांनी शाळेतून जुनी हजेरीपुस्तकं मागवून घेतली आणि गैरहजेरीचे शेरे वाचत बसले. पहिला संच सुरू झाला त्याच्या दुसऱ्या वर्षापासून शेऱ्यांच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा होता.

"हे माझं अक्षर आहे, नलू," पुस्तक तिच्याकडे वळवून ते म्हणाले. "खोकला. खोकला. ताप, खोकला. तेरा वर्षं मी स्वतः लिहिलं, आणि त्याच गावात उभं राहून सांगितलं, की धुराचा कोणाला त्रास नाही."

"तुम्हाला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता," नलिनी म्हणाली. "अर्थ लागणं हीच नवी माहिती, असं मी निकालात मांडते. फक्त सातव्या कलमात 'नव्हती' लिहा. तीन अक्षरं आहेत, गुरुजी."

"'होती' दोनच आहेत."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"अर्थ लागला नव्हता असं नाही," ते म्हणाले. "लावून घ्यायचा नव्हता. थोरला तिथं कामाला लागला होता. गावातली साठ-सत्तर पोरं लागली होती. मग खोकला काय, हवा बदलली की होतोच, असं मी मनाला सांगत राहिलो. आता त्या कागदावर 'नव्हती' लिहिलं, तर ते बेचाळिसावं खोटं होईल."

"आणि 'होती' लिहिलं तर तुमचं मत जाईल. संच होईल. तुम्ही खरं बोलल्याचा फायदा कोणाला?"

गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं, "तू हे कलम लिहिलं, तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढं कोण होतं?"

"चोर."

"सापडतात का त्यात?"

"पहिल्या वर्षी सापडले."

"अन् आता?"

नलिनी हजेरीपुस्तकाकडे पाहत राहिली. काकूंनी तिला जेवून जा म्हटलं. ती जेवली, पण दोघांपैकी कोणीही तो विषय पुन्हा काढला नाही. निघताना तिनं नेहमीसारखा वाकून नमस्कार केला आणि गुरुजींनी नेहमीसारखा तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आठव्या दिवशी अर्ज आला. सातव्या कलमापुढं, शाळेच्या फळ्यावर असायचं तसल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'होती. मी पाहिली नाही.'

नलिनीनं तरीही निकालाचा मसुदा गुरुजींच्या बाजूनं केला. माहिती डोळ्यांपुढं असणं आणि ती उमगणं यांत फरक आहे, उशिरा उमगलेलं सत्य उघडपणे सांगणाऱ्याला शिक्षा देणं हा या कायद्याचा हेतू नाही, असं तिनं चार पानांत मांडलं. मंडळाच्या नियमानं परीक्षकांचे निकालही पडताळ्यातून जायचे, म्हणजे कोणी तोंड पाहून न्याय करू नये. तिनं मसुदा आत टाकला. पडद्यावर डाव्या बाजूला तिचा मसुदा आला आणि उजव्या बाजूला सुमन गेडामांचा निकाल. मध्ये लाल रेघ. चौकटीत छापलेलं ते वाक्य ठळक झालं होतं.

मंडळाचे अध्यक्ष गोसावी निवृत्त न्यायाधीश होते, सरळ मनाचे. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि मार्ग सांगितला.

"गेडामबाईंचा निकाल चुकला होता, असं लिहून द्या," ते म्हणाले. "मी दोन्ही प्रकरणं फेरविचाराला घेतो. नियमात बसतं. तुमची विसंगती मात्र जाहीर होईल, ते मला टाळता येणार नाही."

तिनं दोन दिवस मागून घेतले. लिहायचं होतं एकच वाक्य. ते तिनं मनातल्या मनात अनेकदा लिहून पाहिलं. दरवेळी पुढची चित्रं समोर उभी राहायची. पडताळ्याच्या जननीचंच पितळ उघडं, असे मथळे. रणनवऱ्यांच्या माणसांचे हसरे चेहरे. आपण चूक कबूल केली तर लोकांचा यंत्रावरचा विश्वास उडेल, आणि मग राहिलेसुरले चोरही सुटतील, असं तिनं स्वतःला समजावलं. समजावता समजावता तिच्या ध्यानात आलं की आपण मनातसुद्धा कंपनीकडून तपासून आणल्यासारखी वाक्यं करतो आहोत. तरी तिनं ती थांबवली नाहीत. गेडामबाई आता एका पतसंस्थेत नोकरी करतात असं कोणीतरी सांगितलेलं तिला आठवलं. त्यांना पत्र लिहावं, असंही तिच्या मनात आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तिनं आबाजी पिंपळशेंडे यांना सहा वर्षांसाठी अपात्र ठरवणाऱ्या निकालावर सही केली. तो पडताळ्यातून एका क्षणात पार झाला. गोसावींनी कागद वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

पोटनिवडणुकीत रणनवऱ्यांचे पुतणे निवडून आले. वय सत्तावीस. त्यांनी आयुष्यात एकही जाहीर विधान केलेलं नव्हतं आणि प्रचारातही त्यांनी केलं नाही. गावोगाव उघड्या गाडीतून फक्त हात जोडत फिरले. पडताळ्याच्या फलकावर त्यांच्या नावापुढं संगती शंभर टक्के असं होतं. आपला आमदार राज्यात पहिला आला म्हणून काही ठिकाणी फटाके वाजले. समितीतली गुरुजींची जागाही त्यांनाच मिळाली आणि तिथलं मत फिरलं. आता फक्त जनसुनावणी उरली होती, ती कायद्यानं घ्यावीच लागते.

जानेवारीत, सोमवारी सकाळी अकराला, शिवणटोकच्या शाळेच्या मैदानात मांडव पडला. नलिनी रजा टाकून आली आणि कडेच्या एका खुर्चीवर बसली. गुरुजी बोलणार आहेत असं तिला कळलं होतं. अपात्र माणसाला निवडणूक बंद होती, बोलणं बंद नव्हतं. पुढच्या रांगेत पंचफुला आत्राम नावाची एक बाई मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी घेऊन बसली होती. मुलगी खोकत होती आणि बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. गावातल्या बायांनी मिळून गुरुजींना बोलायची गळ घातली होती. स्वतः उभं राहायचा त्यांना धीर नव्हता. कोणाचा नवरा केंद्रात होता, कोणाचा दीर, आणि आपण आधी कधी काय बोललो होतो ते यंत्र काढून दाखवील याची सगळ्यांनाच धास्ती होती.

गुरुजींचं नाव पुकारलं. ते मंचावर गेले, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माइकसमोर उभे राहिले. सुनावणी घेणारे अधिकारी अदबीनं म्हणाले, की प्रत्येकाला दहा मिनिटं आहेत आणि कलम अकरानुसार आधी थोडी माहिती ऐकवावी लागेल.

कलम अकरा नलिनीला ठाऊक होतं. अपात्र व्यक्तीच्या निवेदनापूर्वी तिची पूर्वीची विसंगत विधानं श्रोत्यांना ऐकवावीत, आणि तो वेळ तिच्याच वेळातून धरावा. लबाडांनी पुन्हा लोकांना भुलवू नये म्हणून ते घातलं होतं.

कर्ण्यातून गुरुजींचा आवाज आला. वीस वर्षांपूर्वीचा, खणखणीत. "हा धूर नाही, ही तुमच्या-आमच्या चुलीची ऊब आहे." ध्वनिमुद्रणात टाळ्या वाजल्या. मग दुसरं भाषण, मग तिसरं. पोरांच्या नोकऱ्या. गावात आलेला दवाखाना. राखेनं कोणाचं वाईट झालेलं मी तरी पाहिलं नाही. यंत्र प्रत्येक भाषणातला नेमका भाग काढून, कुठलंही वाक्य न मोडता, एकामागून एक लावत होतं. गुरुजी माइकच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत उभे होते. मागून उशिरा आलेल्या लोकांनी मंचावर गुरुजी पाहिले, कानांवर गुरुजींचा आवाज पडला, आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टी घातली.

एकेचाळिसावा तुकडा संपला तेव्हा घड्याळात चौदा सेकंद उरले होते. गुरुजींनी कागद उलगडायचा प्रयत्न केला, मग तो तसाच राहू दिला.

"हे सगळं मी बोललो होतो," ते म्हणाले. "पण आता मला तुम्हाला सांगायचं आहे, की ही पोरं..."

घंटा झाली आणि माइक आपोआप बंद पडला. गुरुजी बोलत राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पहिल्या रांगेपलीकडे काही पोचत नव्हतं. अधिकाऱ्यांनी हात जोडले. गुरुजींनी कागदाची घडी केली, जपून पायऱ्या उतरले आणि खाली उभ्या असलेल्या एका माणसानं, छान बोललात म्हणून, त्यांचा हात हातात घेऊन दाबला. मंचावरच्या पडद्यावर नोंद उमटली: प्रकल्पाच्या बाजूनं विधानं एकेचाळीस. विरोधात शून्य. एक वाक्य अपूर्ण.

नलिनीपासून मंच वीस पावलांवर होता. नावं नोंदवायचं टेबल त्याच्याही अलीकडे होतं आणि तिथं गर्दी नव्हती. ती उठून पुढच्या रांगेपर्यंत गेली. तिथं पंचफुला मुलीचं तोंड पुसत होती. तिनं मान वर केली.

"बाई, आता तं नाही होणार ना ते?"

"होईल," नलिनी म्हणाली.

पंचफुलानं तिची चांगली साडी पाहिली, गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं.

"तुम्ही सरकारातल्या का?"

"हो."

"तुम्हाले हे सारं कळते?"

नलिनीनं मान हलवली.

"मंग तुम्ही काहून नाही बोलल्या?"

कर्ण्यावरून पुढचं नाव पुकारलं गेलं. कोणी उठलं नाही. ते पुन्हा पुकारलं आणि अधिकाऱ्यांनी पुढचा कागद घेतला. पंचफुला उत्तरासाठी थांबली होती. मग मुलीला पुन्हा खोकल्याची उबळ आली, तशी ती तिला खांद्यावर घेऊन मांडवाबाहेर मोकळ्या हवेत गेली. बाहेर केंद्राची तिन्ही धुरांडी सुरू होती.